धावून येणाऱ्या हातांसाठी दोन तास

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस



रस्त्यावर दुचाकी घसरून माणूस पडला की पुढे काय होतं, ते आपण सगळेच जाणतो. मिनिटभरात पंधरा-वीस माणसं गोळा होतात. कुणी गाडी उचलून कडेला घेतं, कुणी त्याच्या खिशातला मोबाइल काढून घरच्यांचा नंबर शोधतं, टपरीवरचा पोरगा न सांगता पाण्याचा जग घेऊन धावत येतो. चौघं जण बगलेत आणि गुडघ्यांखाली हात घालून त्याला उचलतात, रिक्षाच्या मागच्या सीटवर बसवतात. त्याची मान छातीवर कलंडते आणि कुणीतरी त्याच्या ओठांना पाणी लावतं. यातली एकही कृती दुष्टपणाची नाही, उलट सगळ्यांत माया आहे. पण शुद्ध हरपलेल्या माणसाला गिळता येत नाही, त्यामुळे ते पाणी श्वासनलिकेत उतरू शकतं. पुढे कलंडलेली मान हवेची वाट बंद करते. मणक्याला मार बसलेला असेल तर त्या उचलाउचलीत तो कायमचा अधू होऊ शकतो. अपघात झाला की लोक बघ्यासारखे उभे राहतात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. मला ती अर्धीच खरी वाटते. उरलेलं अर्धं सत्य असं की आपले लोक धावून येतात आणि कुणी न शिकवल्यामुळे चुकीचं करतात. हे पत्र त्या धावून येणाऱ्यांसाठी आहे.

प्रथमोपचार आपल्या घराघरांत आजही चालू आहेत. आकडी आलेल्याच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरतात आणि दातखीळ सोडवायला तोंडात चमचा घालतात. भाजलेल्या हातावर टूथपेस्ट, हळद नाही तर शाई लावतात. साप चावला की वरच्या बाजूला दोरी करकचून आवळतात. बुडालेल्याला पालथं घालून पोटातलं पाणी काढत बसतात आणि तेवढा वेळ त्याचा श्वास बंदच असतो. हे सगळं एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे गेलं ते पुस्तकातून नव्हे, बघून बघून. मोठ्यांनी केलं, लहानांनी पाहिलं आणि वेळ आल्यावर हात आपोआप तसेच चालले. म्हणून प्रथमोपचार लोकांना शिकवावेत की नाही, हा प्रश्नच उरत नाही. लोक ते शिकलेलेच आहेत. चुकीचं वळण काढून योग्य वळण लावायचं आहे, आणि तेही ज्या रीतीने पहिलं लागलं त्याच रीतीने, म्हणजे हातांनी करून. माझी मागणी एवढीच आहे: राज्यातल्या प्रत्येक शाळेत सातवीपासून पुढे दर वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला दोन तास प्रथमोपचारांचा प्रत्यक्ष सराव मिळावा. त्यात वही नको, प्रश्नोत्तरं नकोत, गृहपाठ नको. ही दोन तासांची कल्पना माझी नाही. बारा वर्षांच्या वयापासून वर्षाला दोन तास मुलांना सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्याची छाती दाबत राहण्याची क्रिया, शिकवावा, या युरोपातल्या तज्ज्ञांच्या आवाहनाला जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये पाठिंबा दिला आहे.

आपल्याकडे या कामाची दोन टोकं नीट बांधली गेली आहेत, याची नोंद आधी घ्यायला हवी. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली आणि तिने असंख्य माणसं वाचवली. पण महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. म्हणजे एका गाडीच्या वाट्याला सुमारे ३२८ चौरस किलोमीटर आले आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे जवळपास १ लाख २० हजार माणसं. गाड्या दुप्पट केल्या तरी घाटातल्या वाडीवर किंवा मेळघाटातल्या पाड्यावर ती चार मिनिटांत पोचणार नाही. चार मिनिटं अशासाठी म्हणतो, की हृदय थांबल्यावर साधारण चार ते सहा मिनिटांत मेंदूच्या पेशी मरू लागतात. छाती दाबली नाही आणि हृदय पुन्हा चालू करणारा विजेचा झटकाही मिळाला नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटत जाते. पुण्या-मुंबईच्या गर्दीच्या रस्त्यांवरही ही मिनिटं गाडीच्या हातात नसतात. दुसरं टोक कायद्याचं. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. नाव सांगण्याची सक्ती नाही, रुग्णालयाने अडवून ठेवायचं नाही, हे नियम २०२० मध्ये निघाले. म्हणजे मदत करणाऱ्या हाताला कायद्याने अभय दिलं आणि त्याच्याकडून रुग्ण पुढे घेऊन जायला गाडी दिली. त्या हाताने मधल्या मिनिटांत करायचं काय, हे मात्र कुणीच शिकवलं नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, त्यांतली १५ हजार २२४ आपल्या राज्यात. त्यांतल्या बहुतेकांजवळ रुग्णवाहिकेच्या आधी कुणी ना कुणी पोचलेलं असणार.

हे हाताचं काम आहे म्हणजे नेमकं काय, ते जवळून पाहू. माणूस कोसळला आहे, हाक मारून खांदे हलवले तरी ओ देत नाही, श्वास चालत नाही किंवा मधूनच आचके दिल्यासारखा येतो. एकाने १०८ ला फोन लावायचा. दुसऱ्याने त्याला कडक जमिनीवर उताणं करून शेजारी गुडघे टेकायचे. छातीच्या मधोमध, मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताची टाच ठेवायची, दुसरा हात त्यावर, बोटं गुंफलेली, कोपरं ताठ. दंडांच्या जोराने नव्हे तर वरून अंगाचा भार टाकून छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली दाबायची आणि दर वेळी पूर्ण वर येऊ द्यायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा. एवढं वाचायला अर्धं मिनिट पुरतं. पण पहिल्यांदा करणारा माणूस बहुतेक वेळा त्याच्या बराच आधी थांबतो, कारण दुसऱ्याची छाती इतकी खोल दाबायला मन धजत नाही. बरगडी कडकन वाजली की तो दचकून हात काढून घेतो, आणि खरं तर त्याने थांबायचं नसतं. दोन मिनिटांत दंड भरून येतात, म्हणून आळीपाळीने करायचं असतं. पाच सेंटिमीटर म्हणजे किती, हे शब्दांनी कळत नाही. ते तळहाताला कळावं लागतं. छाती बाहेरून दाबण्याचं हे तंत्र १९६० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालं आणि त्याच वर्षी नॉर्वेतल्या ऑसमुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्या कारखानदाराने सरावासाठी माणसाच्या आकाराची बाहुली तयार केली. तंत्र नुकतं जगासमोर आलं होतं आणि ते पुस्तकातून शिकता येणार नाही, हे इतक्या लवकर ओळखलं गेलं होतं.

आता ‘हा विषय पाठ्यपुस्तकात आहेच’ या उत्तराकडे वळतो, कारण ते मला सगळ्यांत धोक्याचं वाटतं. प्रथमोपचारांची माहिती मुलांच्या डोळ्यांखालून जाते, स्काउट-गाइड, एनसीसी, आरएसपी (रस्ता सुरक्षा दल) यांत काही मुलांना त्याहून थोडं जास्त मिळतं, हे खरं आहे. पण नुसत्या वाचण्याने काय होतं, ते ‘बांधणं’ या एका कृतीवरून दिसेल. मळणी यंत्रात हात सापडला, किंवा ऊस तोडताना कोयता पोटरीत खोल घुसला आणि रक्ताची चिळकांडी उडते आहे, तर जखमेवर स्वच्छ फडकं ठेवून सगळा जोर लावून दाबायचं. त्यानेही थांबलं नाही आणि जीव जाण्याइतकं रक्त वाहतं आहे, तर जखमेच्या वर रुंद पट्टी घट्ट आवळायची आणि आवळल्याची वेळ लक्षात ठेवायची. त्याच शेतात, त्याच पोटरीला घोणस चावली तर नेमकं हेच करायचं नाही. आवळल्याने त्या पायाचा रक्तपुरवठा तुटतो, घोणशीचं विष मांस कुजवतं ते त्या अडलेल्या जागीच जास्त कुजवतं आणि दवाखान्यात दोरी सोडली की विष एकदम अंगात पसरतं. तिथे जोडवी, पैंजण, अंगठ्या आधी काढायच्या, कारण पाय सुजत जाणार. हाड मोडल्यावर लाकडी फळी लावतो तशी फळी लावून पाय हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, सापामागे धावायचं नाही आणि सापाच्या विषावरची लस असलेला दवाखाना गाठायचा. ‘बांधा’ हा एकच शब्द एका जागी जीव वाचवतो, दुसऱ्या जागी पाय घालवतो. परीक्षेपुरतं वाचलेल्या मुलाला घाबरलेल्या क्षणी यांतलं कुठलं आठवेल, याची खात्री कोण देईल? ज्या मुलाने मित्राच्या पायावर एकदा रुंद पट्टी आवळली आहे आणि एकदा फळी लावली आहे, त्याच्या हातांत या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून बसलेल्या असतात.

सर्पदंशावर मी इतका वेळ घेतला याला कारण आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा संशोधकांचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, आणि बहुसंख्य खेड्यांतले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालणारी लस आपल्याकडे आहे, आपल्या राज्यातल्या हाफकिन संस्थेत ती कित्येक दशकं तयार होत आली आहे. तरी माणसं मरतात, कारण दंशापासून त्या सुईपर्यंतचा वेळ मांत्रिकाकडे, दोरीत आणि ब्लेडच्या चिरांत जातो. हा वेळ वाचवायला नवं औषध लागत नाही. घरातल्या आठवीतल्या मुलीने ‘दोरी सोडा, पाय हलवू नका, गाडी काढा’ एवढं ठामपणे सांगायची गरज असते, आणि मोठ्यांच्या गोंधळात ठामपणे बोलायचं बळ तिला तेव्हाच येतं जेव्हा ही गोष्ट तिने स्वतः करून पाहिलेली असते.

घरातल्या छोट्या संकटांबद्दल थोडक्यात सांगतो. शेंगदाणा घशात अडकलेलं मूल जोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्यायचं. आवाजच बंद झाला आणि ओठ निळे पडू लागले तर पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा, त्याने नाही सुटलं तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पाच धक्के, आणि पुन्हा थापा. वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटावर धक्के द्यायचे नाहीत. त्याला हातावर पालथं धरून थापा द्यायच्या आणि उलटवून छातीवर दोन बोटांनी दाबायचं. न दिसणारी वस्तू काढायला घशात बोट घालायचं नाही. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी, आणि नळाला पाणी नसेल तर बादलीतलं पाणी मगाने सोडत राहायचं. आकडी आलेल्याच्या आजूबाजूच्या वस्तू दूर करायच्या, तोंडात काही घालायचं नाही, झटके थांबल्यावर कुशीवर वळवायचं. विजेचा धक्का बसलेल्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करायचा. यातल्या कशालाही यंत्र लागत नाही, पदवी लागत नाही.

असं शिकवून खरंच माणसं वाचतात का, असं आपण विचाराल आणि विचारायलाच हवं. डेन्मार्कने २००५ मध्ये शाळांत आणि २००६ मध्ये वाहन परवान्यासाठी हे प्रशिक्षण सक्तीचं केलं. तिथल्या संशोधकांनी २००१ ते २०१० या काळातल्या, रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्या हजारो रुग्णांच्या नोंदी तपासल्या. जवळच्या सामान्य माणसाने सीपीआर दिल्याचं प्रमाण २१.१ टक्क्यांवरून ४४.९ टक्क्यांवर गेलं होतं आणि महिन्याभरानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण ३.५ वरून १०.८ टक्क्यांवर. याच वर्षांत तिथली रुग्णवाहिका सेवा आणि रुग्णालयातले उपचारही सुधारले, त्यामुळे सगळं श्रेय शाळांना देणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. शिवाय कायदा होऊन कित्येक वर्षं झाली तरी अनेक डॅनिश शाळांत प्रशिक्षण पोचलंच नव्हतं, हेही त्यांच्याच संशोधकांनी दाखवून दिलं. मला त्यांच्या यशाइतकंच हे अपयश महत्त्वाचं वाटतं. शासन निर्णय काढला म्हणजे काम झालं असं होत नाही. शिकवणारा माणूस, सरावाची वस्तू आणि वेळापत्रकातली जागा या तीन गोष्टी ठरल्या नाहीत, तर आपल्याकडेही तेच होईल.

अर्धवट ज्ञान घातक, असा आक्षेप डॉक्टर मंडळींकडूनही येतो. त्यामागची काळजी मला समजते, पण तुलना कशाशी करायची ते ठरवायला हवं. दोन तास शिकलेल्या मुलाची तुलना डॉक्टरशी केली तर तो उणाच पडणार. ती करायची पाणी पाजणाऱ्याशी, कांदा हुंगवणाऱ्याशी आणि दोरी आवळणाऱ्याशी, कारण त्या क्षणी डॉक्टर तिथे नसतोच. प्रशिक्षणाचा निम्मा भाग तर काय करू नये याचाच असतो. आणि सामान्य माणसाला झेपेल इतकं काम सोपं करण्याचा विचार वैद्यकानेच केलेला आहे. भारतीय भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचनांत सामान्य माणसासाठी फक्त छाती दाबण्याची पद्धत सांगितली आहे, तोंडाने श्वास देण्याची अट नाही. बुडालेल्यांना आणि लहान मुलांना श्वासाची गरज असते, ते वरच्या वर्गांत शिकवता येईल.

मुलांच्या ताकदीची शंकाही रास्त आहे. ऑस्ट्रियात शाळकरी मुलांवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं की कृती लहान मुलांनाही नीट जमते, पण छाती पुरेशी खोल दाबणं हे वयापेक्षा शरीराच्या घडणीवर, वजनावर अवलंबून असतं. आपल्याकडे सातवीतली अनेक मुलं किरकोळ बांध्याची आहेत, त्यांना मोठ्या माणसाची छाती पूर्ण दाबता येणार नाही. पण त्यांना हाताची जागा दाखवता येईल, मोठ्याला ‘अजून खोल, थांबू नका’ असं सांगता येईल, फोन करता येईल. तीच मुलं नववी-दहावीत पोचतील तेव्हा सराव तिसऱ्या-चौथ्या वर्षात असेल. हे कौशल्य काही महिन्यांतच विसरायला होतं, म्हणून एकदाच मोठं शिबिर घेण्यापेक्षा दर वर्षी दोन तास हवेत.

मुलींच्या आणि स्त्रियांच्या छातीला हात लावण्याचा संकोच हा विषय कुणी उघड बोलत नाही, पण शाळेत तोच पहिला उभा राहील. परदेशातल्या अभ्यासांतही सार्वजनिक ठिकाणी कोसळलेल्या स्त्रियांना पुरुषांपेक्षा कमी वेळा सीपीआर मिळतो, असं आढळलं आहे. संकोचाने एखादी बाई रस्त्यावर मरावी, हे आपल्या कुठल्याच संस्काराला मान्य नाही. सराव बाहुलीवर होतो, मुलं-मुली एकमेकांच्या छातीला हात लावत नाहीत. आणि जीव वाचवणारा हात कसा असतो हे वर्गात मोकळेपणाने बोललं गेलं, तरच तो संकोच पुढे कमी होईल.

राहिले शिक्षक. जनगणना, निवडणूक, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती यांखाली ते वाकलेले आहेत आणि त्यांच्यावर आणखी एक अहवाल लादावा असं मी म्हणणार नाही. शाळांच्या दर केंद्रात शिक्षकांची शिक्षण परिषद भरते. वर्षातून एका परिषदेत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी आणि परिचारिकेने प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांकडून हे करून घ्यावं. बाहुल्यांचा एक संच केंद्रशाळेत ठेवून तो शाळाशाळांतून फिरवावा. तो येईपर्यंत झाकण घट्ट लावलेली दोन लिटरची रिकामी बाटली चादरीत गुंडाळली तरी दाबून वर येऊ देण्याचा अंदाज मुलांच्या तळहातांना येतो. पट्टीला जुन्या साड्या चालतात, फळीला लाकडी पट्ट्या. शारीरिक शिक्षणाच्या तासांतून वर्षाला दोन तास काढणं कठीण नाही. फोटो अपलोड करण्याची सक्ती नको, कारण मग फोटोच निघतील. त्याऐवजी आरोग्य विभागाच्या माणसाने वर्षातून एकदा शाळेत यावं, कुठल्याही पाच मुलांना बोलवावं आणि ‘दाखव’ म्हणावं.

शेवटी एकच विनंती. हे दोन तास वर्षाच्या शेवटी, परीक्षा आटोपल्यावर उरकण्यासाठी ठेवू नका. शाळा जूनमध्ये उघडतात तेव्हा पेरण्यांची लगबग सुरू झालेली असते, बांधांवर गवत वाढू लागलेलं असतं, विहिरी आणि शेततळी भरायला लागतात, रस्ते निसरडे होतात. पहिल्या पंधरवड्यातच हे तास व्हावेत, आणि त्यांतला पहिला सर्पदंशाचा असावा. त्या दिवशी घरी गेल्यावर मुलं आईच्या पायाला लाकडी पट्टी लावून बघतील आणि तिला सांगतील, की दोरी आवळायची नसते.

कळावे,
आपला,
एक नागरिक